उभी ओळ, आडवी ओळ

परीक्षांचे दिवस परत आले आहेत. इथे जळगावात दुपारचं ऊन आता गच्चीवरून हलत नाही, कडुलिंब पानं झाडून मोकळा होतो आहे, आणि शेजारची मुलगी जिन्यात बसून मोठ्यानं पाठ करते आहे: लिथियम, सोडियम, पोटॅशियम. सूर पाढ्यांचा आहे. रुबिडियमपाशी ती दर वेळी अडखळते, मागे जाते, पुन्हा लिथियमपासून निघते. मी भाजी निवडता निवडता तिच्याबरोबर मनात पुढचं नाव घेते, आणि माझ्या लक्षात येतं की मी ते हिंदी वळणानं घेते आहे. रसायनशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तेही मराठीतून. पण ही नावं माझ्या कानात जयपूरचीच राहिली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा रेल्वेत फिटर होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते डब्यांची चाकं ठोकत जायचे. खणखणीत वाजलं तर चाक चांगलं, बद्द वाजलं तर तडा. अमळनेरहून त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी नुकती दहावी झाले होते, आमच्या घरात पहिलीच. मराठी शाळेतून एकदम हिंदी शाळेत जाऊन पडले. आमच्या पुस्तकात मूलद्रव्यांच्या उभ्या रांगेला गण म्हणायचे, तिथे त्याला वर्ग म्हणत होते. एवढ्यानंही मी घाबरून जायची. स्टेशनमागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, पंख्याच्या गरम वाऱ्यात, मी बारावीच्या पुस्तकातलं आवर्त सारणीचं पान उघडून बसायची आणि मला नुसत्या चौकटी दिसायच्या. चाळीतल्या बंद खोल्यांसारख्या. आत कोण राहतं, कोण कुणाचं लागतं, काही कळायचं नाही.

त्या खोल्यांची दारं मला सुगनानं उघडून दिली.

सुगना माझ्या वर्गातली, बस्सीची. बस्सी म्हणजे आग्रा रस्त्यावरचं गाव, तिच्या वडिलांची तिथे रस्त्याला लागून चहाची टपरी होती. सकाळच्या पॅसेंजरनं ती रोज जयपूरला यायची आणि संध्याकाळची गाडी मिळेपर्यंत आमच्या घरी थांबायची. आईला हिंदी येत नव्हती, सुगनाला मराठी येत नव्हती, पण दोघींना बाजरी येत होती. सुगनाच्या डब्यातली जाड बाजरीची रोटी बघून आई म्हणायची, "अशी कशी थापतात वं माय, पाटा हाय का भाकर?" सुगना आईची पातळ भाकरी उजेडासमोर धरून म्हणायची, "चाचीजी, इसमें से तो सूरज दिखता है." मग दोघी एकमेकींचं खायच्या.

सुगनाचं लग्न झालेलं होतं. मला हे कळलं तेव्हा मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं होतं. ती मात्र अगदी सहज म्हणाली, "हो गया था. आखा तीज पे." अक्षय्य तृतीयेला तिकडे आखा तीज म्हणतात. त्या दिवशी मुहूर्त बघावा लागत नाही. सुगनाच्या दोन मोठ्या बहिणींची लग्नं निघाली, तर एकाच मांडवात हिचंही उरकलं. तिला आठवत होतं ते एवढंच की फेऱ्यांच्या वेळी तिला झोप आली होती आणि काकांनी कडेवर घेऊन तिचे फेरे पूर्ण केले होते. नवऱ्याचा चेहरा तिनं त्यानंतर पाहिला नव्हता. मुलगी मोठी झाली की सासरचे येऊन तिला घेऊन जातात. त्याला गौना म्हणतात. तिचा गौना व्हायचा होता.

तिनं वडिलांकडून एकच कबूल करून घेतलं होतं: आधी बारावी, मग गौना. ती टपरीवाल्याची मुलगी आणि मी फिटरची. बारावी झालो की दोघींनी नर्सिंगचा फॉर्म भरायचा, असं ठरलं होतं. "एक बार सर्टिफिकेट हाथ में आ जाये," ती म्हणायची, "फिर ससुराल वाले भी सोचेंगे, पढ़ी-लिखी को चूल्हे पे ही क्यों बिठाना." ही आशा तिनं घडी करून ठेवल्यासारखी नीट सांभाळली होती.

त्या वर्षी होळीनंतर गणगौर, तिकडचा गौरीचा सण, सुरू झाली. सकाळच्या गाडीतल्या बायका दूर्वा आणि पाण्याचे कलश घेऊन गाणी म्हणत यायच्या. सुगनाच्या हातावर मेंदी, आणि मेंदीच्या त्याच हातात रसायनशास्त्राचं पुस्तक. अंगणात बाज टाकून आम्ही बसायचो. वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून पुस्तकाच्या चार कोपऱ्यांवर आई कांदे ठेवायची.

"देख," सुगना तिच्या हिंदीत म्हणाली, "तू याला शाळेसारखं वाचतेस. याला गावासारखं वाच. आडवी ओळ म्हणजे गाव. एकाला लागून एक घर. सोडियमच्या शेजारी मॅग्नेशियम, त्याच्या शेजारी ॲल्युमिनियम. शेजारी आहेत म्हणून सारखे आहेत का? प्रत्येकाचा चूल्हा-चौका वेगळा. इकडच्या टोकाला धातू, तिकडच्या टोकाला वायू."

"आणि उभी?"

"खड़ी लाइन गोत्र. गाव वेगळं, पण स्वभाव एक. लिथियम त्या गावचा, सोडियम या गावचा, पोटॅशियम पलीकडच्या गावचा. पाण्यात टाक, तिघंही भडकणार. एकाच रक्ताचे ना."

 मग तीच पुढे म्हणाली, "आणि एका गोत्रात लग्न होत नाही. सोडियम कधी पोटॅशियमच्या घरी मुलगी देईल? नाही. तो या टोकाचा, त्याचं स्थळ त्या टोकाला. क्लोरीन."

माझ्या अंगावर काटा आला. आजही ते पान शिकवताना येतो. पहिल्या गणातल्या सगळ्यांच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, देऊन टाकण्यासारखा. सातव्या गणातल्या सगळ्यांना एकच कमी, घेण्यासाठी टपलेले. ज्यांचा कमी-जास्तपणा सारखा, ते एका रांगेत. आडव्या ओळीत एकेक घर पुढे जावं तसा एकेक इलेक्ट्रॉन वाढत जातो, कक्षा भरत जाते, आणि भरली की गाव संपतं, दुसरं सुरू होतं. जे बहनजी महिनाभर फळ्यावर लिहीत होत्या ते मला बाजेवर बसून एका दुपारी कळलं. तिकडे मुलींच्या शाळेत शिक्षिकांना बहनजी म्हणत.

आई तिथेच गहू पाखडत होती. मी तिला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "आपल्यात गोत्र-बित्र नाही पाहत. बुद्धासमोर हात जोडले की झालं. पण तिले समजलं नं? मंग तिच्यासारखं तू बी समजून घे."

"आणि ही शेवटची शून्य नंबरची रांग?" मी विचारलं. "हेलियम, निऑन, आर्गन?"

"हे? यांचं घर भरलेलं. यांना देणं नाही, घेणं नाही. यांच्या दारात कुणी रिश्ता घेऊन येत नाही." सुगनानं त्या रांगेवरून बोट फिरवलं. "मैं तो अगले जनम में आर्गन बनूँगी."

आई भाषा न कळताही हसली. सुगना हसताना ती नेहमी हसायची.

आणि हायड्रोजन? तो पहिल्या रांगेत बसतो, पण वागणं कधी कधी सातव्या रांगेसारखं. त्याला नेमकी जागाच नाही. "तो तुम्ही," सुगना म्हणाली. "रेलवे वाले. आज इधर, कल उधर. न गाँव अपना, न गोत्र." मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता. पुढे बदल्यांमागून बदल्या झाल्या तेव्हा मला तो धपाटा पुष्कळदा आठवला.

मी बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, परदेशात छापलेली जाडजूड पुस्तकं वाचली. गणांना आता एक ते अठरा असे आकडे दिले आहेत, आमच्या वेळच्या रोमन आकड्यांची आणि उपगणांची भानगड राहिली नाही. शिकवताना मी अणूची रचना सांगते, इलेक्ट्रॉनांची मांडणी सांगते. गोत्राची उपमा मी वर्गात कधी वापरली नाही. त्यात माणसांना चौकटीत बसवण्याचा जो त्रास आहे, तो मुलांपर्यंत नेऊ नये असं वाटतं. पण जे मला कळलं ते त्याच वाटेनं कळलं, हे कृतज्ञतेनं सांगायला हवं.

एकदा बहनजींनी आम्हा दोघींना शंका विचारायला जवाहर नगरला घरी बोलावलं होतं. सगळी घरं सारखी, प्रत्येक रस्त्याला सेक्टरचा नंबर. सुगना म्हणाली, "इथे आवर्त सारणीतच राहतात लोक." बहनजींनी बेलाचं सरबत दिलं. तिथे सुगनानं विचारलं, "बहनजी, सोडियमनं एकदा इलेक्ट्रॉन दिला, मीठ झालं. मग सोडियम परत मिळतं का?"

"मिलता है," बहनजी म्हणाल्या. "पण मीठ वितळेपर्यंत तापवावं लागतं, मग त्यातून वीज सोडावी लागते. तेव्हा सुटतं."

"इतना कौन करेगा," सुगना सहज म्हणाली आणि सरबताचा पेला रिकामा करून धुवायला घेऊन गेली. बहनजी तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. तिचा गौना ठरल्याचं त्यांना माहीत होतं.

गौना त्या वर्षीच्या आखा तीजचाच ठरला होता. त्याच्या किती तरी आधी परीक्षा संपणार होती, त्यामुळे सगळं जुळून आलं होतं. भौतिकशास्त्र झालं. गणित झालं. हिंदी, इंग्रजी झालं. आम्ही केंद्रातून बाहेर यायचो तेव्हा सिव्हिल लाइंसच्या फाटकाजवळ शहतूतवाला, म्हणजे तुती विकणारा, उभा असायचा, बंगल्यांच्या भिंतींवरून बोगनवेल लोंबत असायची, आणि आम्ही जांभळ्या झालेल्या बोटांनी उत्तरं ताडून बघत रुळांच्या कडेनं घरी यायचो. तिचं प्रत्येक उत्तर बरोबर असायचं. रसायनशास्त्र तेवढं राहिलं होतं.

आणि तो पेपर पुढे गेला. का गेला ते आमच्यापर्यंत कधी नीट आलं नाही. शाळेच्या फाटकावर कागद लावला होता. नवी तारीख आखा तीजच्या नंतरच्या आठवड्यातली होती. मुली आनंदानं ओरडल्या, अभ्यासाला दिवस मिळाले म्हणून. सुगनानं कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

बाबा रविवारी स्वतः बस्सीला गेले. सुगनाच्या वडिलांबरोबर टपरीवर बसले. गौना पुढे ढकलावा असं बाबांनी सुचवून पाहिलं. सुगनाच्या वडिलांनी हात जोडले, म्हणाले, सासरी जेवणाची आमंत्रणं गेली, आता कसं थांबवणार. पण त्यांनी निरोप पाठवला, आणि दौसाच्या पलीकडच्या त्या गावाहून सुगनाच्या सासऱ्यांचं उत्तर आलं: परीक्षेच्या तारखेला सुनेला जयपूरला आणून पोचवण्याची जबाबदारी माझी. मी जबान देतो.

"चांगला माणूस दिसतो," बाबा आईला सांगत होते. "नाही म्हणाला नाही."

आईनं ठरवूनच टाकलं, की सुगना आदल्या दिवशी आली तर आपल्याकडे झोपेल, सकाळी आली तर गाडीवरून सरळ केंद्रावर. आदल्या दिवशी ती आली नाही. सकाळी आईनं दोन वाट्यांमध्ये दही-साखर काढली.

पेपर सकाळी लवकरचा होता, उन्हाच्या आतला. त्याच्या आधी बांदीकुईकडून, तिच्या सासरच्या बाजूनं, एक पॅसेंजर यायची. मी आणि बाबा फलाटावर उभे. गाडी आली, दूधवाले उतरले, शाळामास्तर उतरले, एक नवरी उतरली आणि मी पुढे धावले, पण ती दुसरीच होती. बाबा चाकं ठोकायची सोडून बायकांच्या डब्याच्या शेवटच्या खिडकीपर्यंत बघून आले.

"तू जाय, माया," ते म्हणाले. "मी हाय इथं. आली की सायकलवर आणतो तिले."

केंद्रात माझ्या मागचा बाक तिचा होता. बहनजींना आमच्याच खोलीवर देखरेख होती. त्यांनी हजेरी घेताना तिचं नाव पुकारलं.

"आ रही है, बहनजी," मी म्हणाले.

प्रश्नपत्रिका वाटल्या. तिच्या बाकावर एक ठेवली, वर पेपरवेट म्हणून खडूचा डबा ठेवला. थोड्या वेळानं बहनजींनी दारातून डोकावून बघितलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आ रही है," मी पुन्हा म्हणाले.

अर्धा तास झाला की फाटक बंद करायचा नियम होता. शिपायानं ते बंद केल्याचा आवाज खोलीत ऐकू आला. बहनजी माझ्या मागे आल्या, त्यांनी खडूचा डबा उचलला, कागद उचलला, आणि टेबलाकडे गेल्या. मी खाली मान घालून लिहीत होते. आवर्त सारणीवर मोठा प्रश्न होता. तो मी फार चांगला लिहिला. त्याची मला अजूनही कशी तरी लाज वाटते, जरी त्यात माझा काही दोष नव्हता.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच वाट बघायला नको. पुरवणी परीक्षेचा फॉर्म बहनजींनी तिच्या वडिलांकडे बस्सीला पोचवला, पण तोपर्यंत तिला दिवस गेले होते. "अगले साल," असा निरोप आला. पुढच्या वर्षी आमची बदली झाली. मी नर्सिंगला गेले नाही, माझे गुण बघून बहनजींनीच बाबांना समजावलं की हिला कॉलेजात घाला. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. त्या पदवीत बाबांची हातोडी आहे, आईची भाकरी आहे, आणि त्या अंगणातली एक दुपार आहे.

पेपर संपल्यावर मी घरी न जाता स्टेशनवर गेले. उन्हानं रूळ पांढरे दिसत होते. बाबांची ड्यूटी केव्हाच संपली होती, तरी ते फलाटावरच्या नळाजवळ बसून होते.

"झाला पेपर?"

"झाला."

"अजून एक गाडी आहे त्या बाजूची," ते म्हणाले. "पाहूनच जाऊ."

तिचा आता काही उपयोग नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. आम्ही बसून राहिलो. गाडी आली. त्यातून पांढरा साफा बांधलेला, पायांत नव्या मोजड्या घातलेला एक उंच म्हातारा उतरला, आणि त्याच्या मागून लाल लुगड्यात, कमरेपर्यंत घुंघट ओढलेली सुगना. मी तिला तिच्या चालण्यावरून ओळखलं.

म्हाताऱ्यानं बाबांना राम-राम केला. चेहरा घामानं आणि समाधानानं चमकत होता. "ले आया, बाबूजी," तो म्हणाला. "सवेरे कुलदेवी की धोक बाकी थी. नयी बहू धोक दिये बिना गाँव की सीमा नहीं लाँघती. पर जबान दी थी. तारीख आज ही की है ना?"

धोक म्हणजे देवीपुढे माथा टेकणं. कोर्टाच्या तारखा त्यानं पुष्कळ पाहिल्या असाव्यात. जमिनीचे दावे त्या भागात घरोघरी होते. तारखेला हजर राहायचं, दिवस मावळायच्या आत केव्हा तरी पुकारा होतो, एवढं त्याला ठाऊक होतं. परीक्षेला वेळ असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि जिला माहीत होतं, ती त्याच्यापुढे बोलू शकत नव्हती. सासऱ्यासमोर सुनेनं आवाज काढायचा नाही. बहुधा तिनं सासूला सांगितलं असेल, सासूनं ऐकलं नसेल, किंवा धोक महत्त्वाची वाटली असेल. मी तिला विचारलं नाही.

"पेपर हो गया, चौधरीजी," बाबा हळू म्हणाले. "सुबह ही हो गया."

म्हातारा बाबांकडे बघत राहिला. "तो कल दे देगी."

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. 

सुगनानं माझ्या हातातला कागद पाहिला होता. ती बाकाच्या टोकाला, सासऱ्याकडे पाठ करून बसली आणि घुंघटातून हात बाहेर काढून तिनं प्रश्नपत्रिका ओढून घेतली. हातावर मेंदी काळसर झाली होती. मी तिच्या शेजारी बसले. ती वाचत गेली, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर घुंघटातून माझ्या कानाशी कुजबुजत सांगत गेली. खाली जावं तसा अणू मोठा का होतो. बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब असला की सहज का सुटतो. आडव्या ओळीत उजवीकडे जाताना अणू लहान का होतात. समीकरणं ती बोटानं लुगड्यावर लिहायची. एक समीकरण मी सकाळी चुकवलं होतं, ते तिनं बरोबर सांगितलं. तिचा श्वास माझ्या कानाला गरम लागत होता. एकही प्रश्न तिनं सोडला नाही.

"क्या कह रही है?" म्हाताऱ्यानं लांबून बाबांना विचारलं.

"पेपर दे रही है," बाबा म्हणाले.

म्हातारा उकिडवा बसला. साफा काढून गुडघ्यावर ठेवला आणि शेवटपर्यंत हलला नाही. त्याच्या परतीच्या गाडीची घंटा झाली तेव्हा तो उठून बाबांजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "बाबूजी, पास है?"

"पास है," बाबा म्हणाले. "अव्वल."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्याला सगळं कळलं होतं की काहीच नाही, मी आजही सांगू शकत नाही. तो पुढे झाला, डब्याचं दार सुनेसाठी धरून उभा राहिला.

सुगना खिडकीशी बसली. गाडी हलायच्या आधी तिनं प्रश्नपत्रिका नीट घडी करून गजांमधून माझ्याकडे दिली. "तुझ्याकडे ठेव," मी म्हणाले. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि कोपऱ्यावर, जिथे मी सकाळी माझा रोल नंबर लिहिला होता, तिथे बोट ठेवलं.

"नंबर तेरा है, माया."